दूधआईची चाल

सन १७८० मध्यें पॅरिस शहराचा पोलीसप्रमुख लनुआर यानें आपल्या शहरांतील तान्ह्या मुलांचा एक हिशेब जगापुढें ठेवला. पॅरिसमध्यें दरसाल सुमारें २१,००० मुलें जन्मास येतात. त्यांपैकीं अवघीं १,००० स्वतःच्या आईच्या अंगावर पितात. आणखी १,००० मुलांसाठीं घरांतच दाई ठेवलेली असते. दोन-तीन हजार मुलें शहराच्या आसपासच्या दायांकडे जातात, आणि उरलेलीं सतरा हजार दूरदूरच्या खेड्यांत, आईबापांनीं कधीं डोळ्यांनीं न पाहिलेल्या बायकांकडे पाठविलीं जातात. आंकडे गोळाबेरजेचे आहेत हें उघड आहे. तरी ते निम्म्यानें कमी केले तरी मनाला बसणारा धक्का कमी होत नाहीं. जगांतील अत्यंत सुसंस्कृत म्हणून गाजलेल्या शहरांत आईनें आपल्या मुलाला पाजणें हा अपवाद होता!

श्रोतेहो, आईचें दूध ही गोष्ट आपण निसर्गाच्या सदरांत टाकतों. पान्हा फुटणें हें निसर्गाचें काम खरें. पण तो कोणाच्या तोंडीं पडावा, केव्हां पडावा, किती महिने पडावा, हें ठरविण्याचें काम मनुष्यानें निसर्गावर कधींच सोडलेलें नाहीं. तें रूढीनें ठरविलें, वैद्यांनीं ठरविलें, नवऱ्यांनीं ठरविलें, आणि बहुधा सर्वांत जास्त पैशानें ठरविलें. म्हणून या विषयाला इतिहास आहे.

तो फार जुना आहे. इसवी सनापूर्वीं १७५० च्या सुमाराच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यांत दाईसंबंधीं एक कलम सांपडतें. पदरीं घेतलेलें मूल दगावलें असतां दाईनें त्याच्या आईबापांस न कळवितां दुसरें मूल अंगावर घेतलें, तर तिचे स्तन छाटावे, अशी त्यांत आज्ञा आहे. रोमन अमलाखालच्या ईजिप्तमधील दायांचे करारनामे पपायरसावर लिहिलेले आजही वाचावयास मिळतात. दरमहा इतकें वेतन, इतकें तेल. आणि त्या मुदतींत दाईनें पुरुषसंग करूं नये, गरोदर राहूं नये, दुसऱ्या मुलास पाजूं नये. या अटींकडे जरा लक्ष द्यावें. दाईच्या अंगावर दूध आहे याचा अर्थ तिलाही नुकतेंच मूल झालेलें आहे. तें मूल कोठें आहे, याविषयीं करारनाम्याला कांहीं म्हणावयाचें नसतें.

वैद्यकग्रंथांची गोष्ट निराळी. त्यांना दाईची निवड कशी करावी ही चिंता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य सोरेनस सांगतो कीं, दाई वीस ते चाळीस वर्षांच्या दरम्यानची, दोन-तीन वेळां बाळंत झालेली असावी. तिच्या दुधाचा थेंब नखावर ठेवून तो कसा पसरतो तें पाहावें. आमच्या सुश्रुतानें धात्रीचे गुण असेच बारकाईनें सांगितले आहेत, आणि दुधाची परीक्षा पाण्यांत करावयास सांगितली आहे. जें शंखासारखें शुभ्र, पातळ, थंड दूध पाण्याशीं एकजीव होतें, ज्याला तंतु सुटत नाहींत व फेंस येत नाहीं, जें तरंगत नाहीं कीं बुडत नाहीं, तें शुद्ध. बाळाला सहाव्या महिन्यापासून हलकें अन्न द्यावें हेंही सुश्रुतानेंच सांगितलें. आपल्या घरांतील उष्टावणाचा काळ आणि आजच्या जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलेली सहा महिन्यांची मुदत यांचा मेळ असा सहज बसतो.

एका बाबतींत मात्र पूर्वेचे व पश्चिमेचे वैद्य सारखेच चुकले. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांचें दाट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतों, त्याचें मोल त्यांना कळलें नाहीं. सोरेनस तर पहिले वीस दिवस आईचें दूध जड म्हणून वर्ज्य करतो आणि आरंभीं मध चाटवावयास सांगतो. सुश्रुताच्या मतें खरें दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशीं उतरतें. तोंवर मध आणि तूप. चरकानें जातकर्मानंतर लगेच उजवा स्तन द्यावा असें म्हटलें आहे खरें. पण लोकांत रूढ झाली ती मध चाटवून वाट पाहण्याचीच चाल. गंमत अशी कीं, गाय व्याली कीं तिच्या चिकाचा खरवस करून आपण चवीनें खातों, शेजाऱ्यांकडे वाटी पाठवितों. आणि त्याच घरांत बाळंतिणीचा चीक पिळून टाकीत, कारण तो बाळाला बाधतो! रोगाचा प्रतिकार करणारीं द्रव्यें त्या चिकांतच सर्वांत अधिक असतात हें विसाव्या शतकांत सिद्ध झालें. इंग्लंडांत विल्यम कॅडोगन या डॉक्टरानें १७४८ मध्येंच, मुलाला आरंभापासून आईच्याच अंगावर घ्यावें, असें निक्षून लिहिलें होतें. परंतु आजीबाईंचें मत डॉक्टरापेक्षां जड असतें, हा अनुभव दोन्ही खंडांतला.

दूध पाजणाऱ्या स्त्रीला सगळीकडेच नोकर मानीत असें मात्र नाहीं. इस्लामी धर्मशास्त्रांत दुधाचें नातें रक्ताच्या नात्यासारखें धरलें आहे. एकाच स्त्रीचें दूध प्यालेल्या मुलामुलींचा परस्परांशीं विवाह होऊं शकत नाहीं. मोगल दरबारांत दूधआईला ‘अनगा’ व दूधभावाला ‘कोका’ असें नांवच होतें. अकबराचा दूधभाऊ मिर्झा अजीज कोका यानें बादशहाची आज्ञा पुष्कळदां मोडली, आणि अकबरानें त्याला प्रत्येक वेळीं क्षमा केली. आपल्याकडील उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १६५७ मध्यें पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, पण मातोश्री सईबाईंची प्रकृति ढांसळलेली. तेव्हां कापूरहोळच्या गाडे घराण्यांतील धाराऊ हिनें त्यांना अंगावर घेतलें. दोन वर्षांत सईबाई वारल्या. एरवीं शेतकऱ्याच्या घरांतील बाईचें नांव इतिहासांत कोण नोंदवितो? धाराऊचें नांव राहिलें, कारण तिचें दूध राजघराण्यांत आईपणाचा मान पावलें.

पॅरिसच्या दाईच्या वांट्याला असला मान आला नाहीं. तेथें तो धंदा होता, आणि चांगला संघटित धंदा होता. १३५० च्या राजाज्ञेंत दाया जमवून देणाऱ्या बायकांची दलाली ठरवून दिलेली सांपडते. १७६९ मध्यें सरकारनें ही सारी व्यवस्था एका मोठ्या कचेरीखालीं आणली. खेड्यांतून अडते बायकांना गाड्यांत घालून पॅरिसला आणीत, कचेरींत डॉक्टर त्यांची तपासणी करी, आणि मूल मांडीवर घेऊन त्या परत निघत. पुढें दरमहा पैसे पोंचविणें व मुलाची खबर आणणें हें काम त्याच अडत्याकडे. रकमेचा विसावा हिस्सा त्याची दलाली. गाडीच्या तळाला फळ्या असाव्या, आंत पेंढा असावा, वर आच्छादन असावें, असा नियम सरकारला करावा लागला. यावरून नियमापूर्वीं तीं तान्हीं कशीं जात असतील याची कल्पना करावी.

आतां विचारण्यासारखा प्रश्न हा कीं, आया मुलें कां धाडीत? त्या काळच्या उपदेशकांचें उत्तर ठरलेलें होतें: शहरी बायकांना नाच-नाटकें हवीं, कमरेचा बांधा हवा, म्हणून. सरदार-सावकारांच्या घरीं तें खरेंही असेल. परंतु सतरा हजार मुलें कांहीं सरदारांचीं नव्हेत. तीं शिंपी, खाटीक, पाववाले, टोपीवाले, लहान दुकानदार यांचीं होतीं. लिआँ शहरांत तर रेशीम विणणारांची हीच चाल होती. या घरांत बायको मागावर किंवा दुकानांत बसली नाहीं तर नवऱ्याचा धंदा चालत नसे; एक मजूर ठेवण्यापेक्षां दाईचे पैसे स्वस्त पडत. खोली एक, भाडें भारी, आणि गाईचें ताजें दूध शहरांत मिळणें कठीण. शिवाय पतीचा सहवास झाला कीं आईचें दूध नासतें ही समजूत वैद्यांपासून पाद्र्यांपर्यंत सर्वत्र रूढ. कष्टकरी बाईपुढें निवड होती ती मूल कीं माग अशी, आणि ती तिनें एकटीनें केलेली नव्हती. दाईचे पैसे थकले म्हणजे बापाला तुरुंगांत घालीत. अशा कर्जदार बापांना सोडविणें हा श्रीमंतांचा एक पुण्यमार्ग होऊन बसला होता. या गोष्टी ज्याला ठाऊक आहेत त्याला ‘आळशी आई’ची कथा फार काळ ऐकवत नाहीं.

मरत तीं मात्र मुलें. दूरच्या गांवीं, दोन-दोन मुलें एका दाईकडे, दूध आटलें कीं पेज किंवा पाण्यांत भिजविलेला पाव. अनाथाश्रमांतून खेड्यांत धाडलेल्या मुलांची दशा याहूनही वाईट असे.

याच सुमारास विद्वानांचें लक्ष या प्रश्नाकडे वळलें. स्वीडनचा सृष्टिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५२ मध्यें दायांच्या चालीविरुद्ध एक निबंध प्रसिद्ध केला, आणि १७५८ मध्यें प्राण्यांचें वर्गीकरण करतांना मनुष्य ज्या वर्गांत मोडतो त्याला ‘सस्तन’ या अर्थाचें नांव दिलें. त्या वर्गाला केंस आहेत, चार पाय आहेत. नांव देण्याजोग्या खुणा पुष्कळ होत्या. त्यानें स्तन निवडला. पुढें १७६२ मध्यें रूसोचें ‘एमिल’ निघालें. आया मुलांना पाजूं लागल्या कीं समाजाची नीति आपोआप सुधारेल, असा त्याचा सिद्धांत. स्वतःचीं पांचही मुलें ज्यानें अनाथाश्रमांत टाकलीं त्यानें आयांना वात्सल्य शिकवावें हें विलक्षणच. पण पुस्तकाचा परिणाम झाला, निदान उच्च वर्गांत तर झालाच. उपदेश करणारे शेंकडों होते. पैसे काढणारा एक मला फार आवडतो. नाटककार बोमार्शे यानें १७८४ मध्यें आपल्या ‘फिगारोचें लग्न’ या नाटकाच्या पन्नासाव्या प्रयोगाचें उत्पन्न मुलांना स्वतः पाजणाऱ्या गरीब आयांसाठीं दिलें. दाईला द्यावयाचा पैसा आईला दिला तर ती मूल धाडणार नाहीं, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

फ्रेंच राज्यक्रांतीनें हा विषय चव्हाट्यावर आणला. १० ऑगस्ट १७९३ च्या उत्सवांत बास्तीयच्या जागीं एका ईजिप्शियन देवीचा प्रचंड पुतळा उभारला होता. तिच्या स्तनांतून पाण्याच्या धारा पडत, आणि लोकप्रतिनिधि तें पाणी पेल्यांत धरून पीत. प्रशियाच्या १७९४ च्या कायद्यानें तर निरोगी आईनें आपलें मूल पाजलेंच पाहिजे असें फर्माविलें, आणि किती काळ पाजावें हें ठरविण्याचा अधिकार दिला बापाला! एकीकडे देवी, दुसरीकडे कलम. मधल्या बाईला विचारतो कोण?

आणि सतरा हजारांची चाल या सर्वांनंतरही संपली नाहीं. एकोणिसाव्या शतकांत तिनें आणखी एक रूप घेतलें. पॅरिसच्या आग्नेयेस मॉर्व्हां नांवाचा डोंगराळ, नापीक प्रदेश आहे. तेथील बायका बाळंत झाल्या कीं स्वतःचें मूल सासूकडे किंवा शेजारणीकडे ठेवून पॅरिसला श्रीमंतांच्या घरीं दाई म्हणून राहूं लागल्या. खाणें उत्तम, कपडे रेशमी, पगार नवऱ्याच्या मजुरीहून कितीतरी जास्त. या पैशावर गांवांत पक्कीं घरें उठलीं. त्यांना लोक ‘दुधाचीं घरें’ म्हणत. मोंसोश गांवचे डॉक्टर मोनो यांनीं १८६७ मध्यें या धंद्यावर पुस्तक लिहिलें. त्यांच्या भागांत बाळंत होणाऱ्या बायकांपैकीं निम्म्याहून अधिक पॅरिसला जात, आणि मागें राहिलेलीं त्यांचीं तान्हीं बाटलीवर व पेजेवर मरत. त्याच सुमारास पॅरिसचीं टाकलेलीं मुलें सांभाळण्यासाठीं याच मॉर्व्हांत धाडलीं जात. दूध वर जात होतें आणि पोरकीं मुलें खालीं येत होतीं.

डॉ. मोनो व त्यांच्याआधीं १८६६ मध्यें लिहिणारे डॉ. ब्रोशार यांच्या लिखाणानें बरीच खळबळ उडाली. शेवटीं डॉ. तेओफील रुसेल यांच्या प्रयत्नानें २३ डिसेंबर १८७४ चा कायदा झाला. पैसे घेऊन सांभाळलेलें दोन वर्षांखालील प्रत्येक मूल सरकारच्या देखरेखीखालीं आलें. मला त्या कायद्याचें आठवें कलम फार महत्त्वाचें वाटतें. दाई म्हणून नोकरी धरणाऱ्या स्त्रीनें दाखला आणावा कीं तिचें स्वतःचें मूल सात महिन्यांचें झालें आहे, किंवा तें लहान असल्यास दुसरी स्त्री त्याला पाजीत आहे. हम्मुराबीपासून सव्वाछत्तीस शतकें कायद्यानें दाईला बजावलें होतें कीं दुसऱ्याच्या मुलाचा वांटा चोरूं नकोस. येथें कायद्यानें तिच्या मुलाचा वांटाही मोजला.

कायदा पाळला गेला तो अर्धामुर्धा. दाईचा धंदा मोडला तो वेगळ्याच कारणानें: वरच्या दुधानें. मुलाला वरचें दूध पाजण्याचीं भांडीं सर्वत्र होतीं. आपल्याकडे बोंडलें होतें, तिकडे शिंगें व मातीचे चंचुपात्र. परंतु न उकळलेलें, दुरून आणलेलें दूध म्हणजे मृत्यूला निमंत्रणच. रबरी नळीची जी बाटली एकोणिसाव्या शतकांत घरोघर गेली तिची नळी आंतून धुतां येत नसे. फ्रान्सनें ती १९१० मध्यें कायद्यानें बंद केली. पाश्चरच्या शोधांनंतर दूध तापवून निर्जंतुक करणें आलें. बुदँ या डॉक्टरानें १८९२ मध्यें पॅरिसच्या रुग्णालयांत तान्ह्या मुलांची तपासणी सुरू केली, आणि १८९४ मध्यें फेकाँ येथें ‘दुधाचा थेंब’ या नांवाची संस्था निघून गरिबांना शुद्ध दूध मिळूं लागलें. तिकडे स्वित्झर्लंडांत आंरी नेस्ले यांनीं १८६७ मध्यें दूध व पीठ यांचें तयार बालान्न विकावयास काढलें होतें. पहिल्या महायुद्धापर्यंत दाईची जागा बाटलीनें व डब्यानें जवळजवळ घेतली.

आपल्याकडे डबा आला तो साहेबाबरोबर, आणि प्रतिष्ठेची वस्तु म्हणून आला. गुटगुटीत मुलाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणण्याची लकब कित्येक घरांत अजून ऐकूं येते. पण मुंबईच्या गिरणगांवांत डबा परवडणार कोणाला? हिरकणीची आख्यायिका आपण कौतुकानें सांगतों. गडावर दूध विकावयास गेलेली गवळण, खालीं पाळण्यांत उपाशी तान्हें, दरवाजे बंद, आणि कडा उतरणारी आई. गिरणींतल्या बाईला रोजच दरवाजे बंद असत, व उतरावयाला कडाही नसे. मागें राहिलेलें मूल रडूं नये म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत. सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनीं १९२२ मध्यें कामकरी स्त्रियांची पाहणी केली तेव्हां जवळजवळ सर्वच मुलांना ही गोळी दिली जात असल्याचें आढळलें. पुढें १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत बाळंतपणाच्या भत्त्याचें बिल आलें. आईला या काळांत विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे असें सांगून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्याचा पुरस्कार केला, आणि १९२९ मध्यें कायदा झाला. बाळंतपणापूर्वीं तीन व नंतर चार आठवडे. चार आठवड्यांचें मूल किती एवढेंसें असतें हें श्रोत्यांना सांगावयास नको. तरी शून्यावरून चारावर आलों ही पायरी लहान नव्हती. १९६१ च्या कायद्यानें मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत कामाच्या वेळांत पाजण्यासाठीं दोन सुट्या ठरविल्या, आणि २०१७ मध्यें रजा सव्वीस आठवड्यांची झाली. शेतावर, बांधकामावर, दुसऱ्यांच्या घरीं राबणाऱ्या बाईच्या पदरांत यांतलें फारसें पडलें नाहीं.

डब्याचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. वसाहतींत काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं १९३९ मध्यें सिंगापूरच्या रोटरी क्लबांत ‘दूध आणि खून’ या नांवाचें भाषण केलें. गोड आटविलेलें दूध बालकांचें अन्न म्हणून गरीब आयांच्या गळीं उतरवणें हा खूनच आहे, असा त्यांचा रोख होता. तेव्हां कोणी मनावर घेतलें नाहीं. १९७० नंतर हीच तक्रार जगभर गाजली, बहिष्कार झाले, आणि १९८१ च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य परिषदेनें अशा विक्रीवर नियम घालणारी संहिता ११८ विरुद्ध एक मतानें संमत केली. तें एक मत अमेरिकेचें. भारतानें १९९२ मध्यें स्वतःचा कायदा केला. त्यामुळें डब्यावर बाळाचें चित्र छापतां येत नाहीं, आणि जाहिरात करतां येत नाहीं.

इतकें होऊन आज स्थिति काय? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीप्रमाणें आपल्या देशांत शेंकडा ८८ हून अधिक बाळंतपणें दवाखान्यांत होतात. पण जन्मल्यापासून तासाभरांत आईचें दूध मिळतें तें शेंकडा सुमारें ४२ मुलांनाच. सहा महिन्यांखालील मुलांपैकीं शेंकडा सुमारें ६४ केवळ आईच्या दुधावर असतात. म्हणजे चीक टाकून देण्याची जुनी चाल मागें पडत असली तरी वाट पाहण्याची चाल दवाखान्याच्या दारांतून आंत शिरलेली दिसते. कोठें शस्त्रक्रियेमुळें आई व मूल वेगळीं ठेवलेलीं, कोठें परिचारिकांना सवड नाहीं, कोठें मधाचें बोट घेऊन आत्याबाई उभ्या.

दूधआईही नाहींशी झालेली नाहीं. १९८९ मध्यें मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. असली पहिली पेढी व्हिएन्नांत १९०९ मध्यें निघाली होती. अपुऱ्या दिवसांचीं, दीड किलोहूनही कमी वजनाचीं बाळें, ज्यांच्या आईला अद्याप पान्हा फुटलेला नाहीं किंवा जिची प्रकृति फार बिघडलेली आहे, त्यांना हें दूध मिळतें. जमलेलें दूध साडेबासष्ट अंश उष्णतेवर अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवतात. देणाऱ्या बाईला त्याचे पैसे मिळत नाहींत, व घेणाऱ्या बाळाच्या आईला तिचें नांव कळत नाहीं. बाळंतिणींच्या वॉर्डांत फिरून दूध जमविणारी परिचारिका प्रत्येकीला आधीं एकच गोष्ट विचारते: तुमचें बाळ पोटभर प्यालें आहे ना? तें प्यालें असेल, आणि तरी दूध उरत असेल, तरच भांडें पुढें करावयाचें.